मोठ्या कंडेन्सरच्या कैवाऱ्यांस उत्तर

वीजपुरवठ्याच्या वाटेने सर्किटात शिरणाऱ्या नॉइजचा बंदोबस्त कसा करावा, हा प्रश्न मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एखाद्या मुरलेल्या दुकानदारास विचारा, पुण्याच्या बुधवार पेठेत अँप्लिफायर दुरुस्त करणाऱ्या कारागिरास विचारा, किंवा एखाद्या तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत विचारा. उत्तर बहुधा एकच येते, आणि तेही प्रश्न पुरता संपण्यापूर्वी येते: ‘कंडेन्सर वाढवा.’ हजार मायक्रोफॅरडने भागत नसेल तर सत्तेचाळीसशेचा घाला, त्यानेही हमिंग गेले नाही तर दहा हजारांचा घाला, आणि एवढे करूनही सर्किट गुणगुणतच राहिले तर ट्रान्सफॉर्मर हलका आहे किंवा आयसी डुप्लिकेट आहे असा निकाल देऊन मोकळे व्हा, हा या शास्त्राचा सारांश आहे. ज्या मताला इतक्या ठिकाणी, इतक्या निःशंकपणे आणि इतकी वर्षे मान्यता मिळाली, त्याला निव्वळ अडाणीपणा म्हणून झटकून टाकणे न्यायाचे होणार नाही. त्याची कैफियत पुरती ऐकून घ्यावी आणि मगच त्याचे खंडन करावे, हेच उचित.

ही कैफियत चार कलमांत मांडता येते. पहिले कलम असे की, नॉइज म्हणजे सप्लायच्या व्होल्टेजमधली चढउतार, आणि ती भरून काढणे हे कपॅसिटरचे, म्हणजे कंडेन्सरचेच, काम असल्यामुळे कपॅसिटर जितका मोठा तितका सप्लाय स्वच्छ. दुसरे असे की, प्रत्येक आयसीच्या सप्लायवर ०.१ मायक्रोफॅरडचा एक सिरॅमिक कपॅसिटर लावला की त्या आयसीपुरते रचनाकाराचे कर्तव्य संपले. तिसरे असे की, लिनियर सप्लाय हा स्वभावतःच शुद्ध आणि स्विचिंग सप्लाय, म्हणजे बाजारभाषेतला एसएमपीएस, स्वभावतःच अशुद्ध. सबब नाजूक कामाच्या आसपास तो फिरकता कामा नये. आणि चौथे असे की, अ‍ॅनालॉग भागाचे ग्राउंड डिजिटल भागाच्या ग्राउंडपासून तोडून वेगळे ठेवावे, म्हणजे एकाचा गोंधळ दुसऱ्यात जाणार नाही. ही कलमे वरवर पाहता चार निरनिराळ्या विषयांवरची दिसतात. परंतु त्यांच्या मुळाशी गृहीतक एकच आहे, ते हे की नॉइज हा कोणत्या तरी वस्तूच्या अंगचा दोष आहे आणि म्हणून योग्य ती वस्तू विकत आणली, किंवा अयोग्य ती दूर ठेवली, की तो नाहीसा होतो. माझे म्हणणे याच्या उलट आहे. नॉइज हा प्रवाहाचा परिणाम आहे. प्रत्येक प्रवाह जिथून निघाला तिथे परत येतोच येतो. आणि तो कोणत्या वाटेने परत येतो व त्या वाटेवर दुसऱ्या कोणाचे येणेजाणे आहे, हे ठरविल्याशिवाय आणलेली वस्तू, ती कितीही मोठी व महाग असो, आंधळेपणाने आणलेली असते.

या मताचा उगम पाहिला म्हणजे त्यात सत्यांश किती आणि अतिव्याप्ती किती, याचा उलगडा होतो. ते जन्मले दुरुस्तीच्या टेबलावर. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरच्या पोटातील द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकत जातो, त्याची धारणक्षमता घटते, अंतर्गत रोध वाढतो, आणि वर्षानुवर्षे बिनतक्रार वाजत असलेला रेडिओ एके दिवशी गुणगुणू लागतो. कारागीर कंडेन्सर बदलतो, गुणगुण थांबते, गिऱ्हाईक पैसे देऊन निघून जाते. हे निदान बिनचूक आहे, आणि ते बिनचूक का आहे हेही स्पष्ट आहे: ज्या संचात काल हमिंग नव्हते आणि आज आहे, त्याच्या तारांच्या वाटा कालच्याच आहेत, त्याच्या ग्राउंडचे सांधे कालचेच आहेत, आणि कारखान्यातील ज्या रचनाकाराने त्या वाटा आखल्या त्याचे शहाणपणही कालचेच आहे; म्हातारा झाला आहे तो प्रामुख्याने कंडेन्सर, म्हणून संशयाची सुई त्याच्याकडे वळणे रास्तच होय. चूक होते ती यानंतर. दुरुस्तीच्या टेबलावर जे खरे ठरले तेच नव्या सर्किटाच्या रचनेलाही जसेच्या तसे लागू केले जाते, आणि ज्या बोर्डाच्या वाटांचा विचार अजून कोणी केलेलाच नाही त्या बोर्डालाही, जणू तो एकदा निर्दोष ठरलेला आहे अशा थाटात, मोठा कंडेन्सर बहाल केला जातो. दुरुस्तीत जे सिद्ध धरून चालता येते ते रचनेत अद्याप साध्य असते, हा साधा तर्कनियम येथे मोडला गेला आहे. पुढची सगळी फसगत त्याचीच संतती आहे.

आता पहिल्या कलमाची रुजवात घेऊ. आपल्याकडील मेन्सची वारंवारता ५० हर्ट्झ. ब्रिज रेक्टिफायरमधून गेल्यावर सेकंदाला १०० शिखरे, म्हणजे दर १० मिलिसेकंदांना एक. लोड १ अँपिअर घेत असेल तर दोन शिखरांच्या दरम्यान कपॅसिटरमधून जवळजवळ १० मिलिकूलॉम विद्युत्‌भार खर्च होतो. ४७०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर त्यामुळे सुमारे २ व्होल्टची घसरण होते आणि १०,००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर १ व्होल्टची. इथवर पूर्वपक्षाचा हिशेब बरोबर आहे. पण हा जमाखर्चातील केवळ खर्चाचा रकाना झाला. जमेच्या रकान्याकडे पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. खर्च झालेले ते १० मिलिकूलॉम ट्रान्सफॉर्मरकडून परत यावे लागतात, आणि ते सावकाश, संथपणे येत नाहीत. कारण ट्रान्सफॉर्मरचे व्होल्टेज कपॅसिटरवरील व्होल्टेजच्या वर चढेल तेव्हाच डायोड उघडतो आणि शिखर ओसरताच बंद होतो. हा अवधी २ मिलिसेकंदांचा धरला, तर १० मिलिसेकंदांचा माल २ मिलिसेकंदांत आत घ्यावयाचा, म्हणजे त्या अवधीपुरता सरासरी ५ अँपिअर आणि ऐन शिखराशी ८ अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहणार. लोडला १ अँपिअर मिळतो आहे, सप्लायवरच्या मीटरला १ अँपिअर दिसतो आहे, आणि ब्रिजपासून कपॅसिटरपर्यंतच्या तारेत मात्र सेकंदाला शंभर वेळा ८ अँपिअरचा तडाखा बसतो आहे, ही गोष्ट मोठ्या कंडेन्सरच्या कैवाऱ्यांच्या गावीही नसते.

कपॅसिटर मोठा केल्याने हा तडाखा सौम्य होतो काय? मुळीच नाही. कपॅसिटर मोठा झाला की त्यावरचे व्होल्टेज कमी घसरते. कमी घसरले की डायोड उशिरा उघडतो. उशिरा उघडला की तोच भार अधिक अल्प अवधीत भरावा लागतो, म्हणून शिखर अधिक उंचावते. अमेरिकेतील आरसीए कंपनीचे ओटो शाडे यांनी १९४३ साली प्रसिद्ध केलेल्या रेक्टिफायरच्या विश्लेषणात या सगळ्याचे आलेख काढून ठेवले आहेत, आणि त्यांवरून असे दिसते की कपॅसिटर वाढवीत गेल्यास शिखर-प्रवाह काही मर्यादेपर्यंत वाढत जातो व त्यानंतर ट्रान्सफॉर्मरच्या आणि डायोडच्या रोधामुळे तेथेच स्थिरावतो. म्हणजे मोठ्या कंडेन्सरने रिपल, म्हणजे दोन शिखरांमधली ती व्होल्टेजची घसरण, घटतो हे खरे. पण भरतीचा प्रवाह वाढतो, किंवा फार तर होता तेवढाच राहतो. आणि ज्या सर्किटातला नॉइज या भरतीच्या प्रवाहाचा आहे, त्या सर्किटात दहा हजारांचा कंडेन्सर घालणारा माणूस दुखणे वाढवितो आणि औषधाचे पैसेही भरतो.

हे किती मोठे दुखणे आहे याचा अंदाज एका मामुली बोर्डावरून बांधता येईल. ब्रिजच्या ऋण टोकापासून कपॅसिटरच्या ऋण टोकापर्यंत ५ मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर लांब असा तांब्याचा ट्रॅक आहे, असे समजा. बऱ्यापैकी रुंद, डोळ्यांना समाधान देणारा. तांब्याची जाडी नेहमीची ३५ मायक्रॉन. या जाडीच्या तांब्याच्या कोणत्याही चौरसाचा रोध सुमारे अर्धा मिलिओहम असतो, आणि आपल्या ट्रॅकमध्ये असे दहा चौरस एकापुढे एक मांडलेले आहेत, म्हणून त्याचा रोध ५ मिलिओहम. त्यातून ८ अँपिअर गेले की दोन टोकांमध्ये ४० मिलिव्होल्टचा फरक पडतो. आता अँप्लिफायरचे मुख्य ग्राउंड कपॅसिटरच्या टोकाला जोडलेले आहे, आणि इनपुटचे ग्राउंड, तेथे जागा मोकळी होती एवढ्याच कारणास्तव, ब्रिजच्या टोकाला टाकलेले आहे. झाले! ते ४० मिलिव्होल्ट थेट गाण्याच्या सिग्नलशी एकसरीत जोडले गेले. अँप्लिफायरचे प्रवर्धन २५ पट असेल तर स्पीकरवर त्यांचे १ व्होल्ट झाले. कोणताही कपॅसिटर या १ व्होल्टला हात लावू शकत नाही, कारण तो सप्लायमध्ये नाहीच. तो तारेत आहे. इनपुटच्या ग्राउंडचे ते टोक उचलून ५ सेंटिमीटर पलीकडे, भरतीच्या प्रवाहाच्या वाटेबाहेर, कपॅसिटरपासून निघालेल्या वेगळ्या आखूड फाट्यावर टाकावे, म्हणजे घरघर थांबते. या उपायाला लागणारा माल एक इंच सोल्डर!

कोणते दुखणे कोणत्या जातीचे, हे ओळखण्यासाठी महागड्या उपकरणांची गरज नाही; सराव असलेला कान पुष्कळ काही सांगतो. भरतीच्या प्रवाहाचा आवाज करकरीत, धारदार असतो, कारण तीक्ष्ण तडाख्यांत १०० हर्ट्झच्या पटींतल्या अनेक वारंवारता भरलेल्या असतात. निव्वळ रिपलचा आवाज त्यामानाने मवाळ. आणि ५० हर्ट्झची खोल घुमणारी गुणगुण बहुधा रेक्टिफायरच्या पलीकडची असते, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राची किंवा दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या प्रवाहाची. इनपुट शॉर्ट करून व्हॉल्यूम फिरवून पाहिला आणि आवाज कमीजास्त झाला, तर तो व्हॉल्यूमच्या आधी शिरतो आहे. झाला नाही, तर नंतर. एवढी तपासणी पाच मिनिटांत होते. ती न करता कंडेन्सर वाढविणे म्हणजे साक्षीदार दारात उभा असताना त्याची जबानी न घेताच फैसला देणे होय.

रिपल हेच खरोखर दुखणे असले तरीसुद्धा ‘मोठा’ हा शहाणा उपाय ठरतोच असे नाही. एलएम ३१७ हा सर्वांच्या परिचयाचा रेग्युलेटर घ्या. त्याच्या माहितीपत्रकाप्रमाणे १२० हर्ट्झच्या रिपलचे तो सुमारे ६५ डेसिबेल दमन करतो, आणि त्याच्या अ‍ॅडजस्ट पायावर केवळ १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की हेच दमन सुमारे ८० डेसिबेलपर्यंत जाते. हा १५ डेसिबेलचा फायदा पाचपटींहून अधिक आहे; तोच फायदा मुख्य कपॅसिटर वाढवून मिळवायचा तर ४७०० मायक्रोफॅरडच्या जागी २६,००० च्या घरातला कंडेन्सर बसवावा लागेल. दहाच मायक्रोफॅरड, पण नेमक्या जागी. त्यांनी सव्वीस हजारांचे काम केले. पूर्वपक्षाजवळ या घटनेचा खुलासा नाही.

दुसऱ्या कलमातला ०.१ मायक्रोफॅरड हा तर आता मंत्रासारखा उच्चारला जातो. त्याची पूर्वपीठिका सन्मान्य आहे: टीटीएल आयसींच्या जमान्यात, जेव्हा चौदा पायांच्या आयसीला सप्लाय १४ क्रमांकाच्या पायाशी आणि ग्राउंड समोरच्या कोपऱ्यातील ७ क्रमांकाच्या पायाशी मिळत असे, तेव्हा त्या दोन कोपऱ्यांना सांधणाऱ्या फेऱ्यात हा कपॅसिटर पुष्कळ उपयोगी पडला. परंतु आकडा उचलला गेला आणि फेरा विसरला गेला. तारेच्या दर मिलिमीटरला सुमारे १ नॅनोहेन्री प्रेरकत्व असते, हा ढोबळ पण कामाचा ठोकताळा. कपॅसिटर दोन सेंटिमीटर लांब फेऱ्यातून जोडला तर वाटेत २० नॅनोहेन्री आले. आयसीने ५ नॅनोसेकंदांत ५० मिलिअँपिअर अधिक मागितले की या प्रेरकत्वावर ०.२ व्होल्ट पडले, आणि कपॅसिटरच्या पोटात भार काठोकाठ भरलेला असूनही तो वेळेवर पोहोचला नाही. तोच कपॅसिटर १ नॅनोहेन्रीच्या फेऱ्यात बसविला तर सुमारे १६ मेगाहर्ट्झपर्यंत कपॅसिटरसारखा वागतो, आणि १० नॅनोहेन्रीच्या फेऱ्यात बसविला तर ५ मेगाहर्ट्झनंतरच कॉइलसारखा वागू लागतो. उलट दिशेने पाहावे तर १०० हर्ट्झला त्याचा अवरोध जवळजवळ १६,००० ओहम. म्हणजे मेन्सच्या रिपलपुढे तो असून नसल्यासारखा. यावर ‘मग तीन निरनिराळ्या किमतींचे शेजारी शेजारी लावा’ असा तोडगा काढणारेही आहेत. त्यांच्या ध्यानात येत नाही की, ज्या पट्ट्यात मोठा कपॅसिटर कॉइलसारखा झालेला असतो आणि लहान अजून कपॅसिटरच असतो, तेथे त्या दोघांचे समांतर अनुनादी मंडल बनते, आणि सप्लायचा अवरोध कमी होण्याऐवजी नेमका त्या वारंवारतेला उसळी घेतो. शिवाय सिरॅमिकवर छापलेला आकडा शून्य व्होल्टचा असतो. १० मायक्रोफॅरडचा एखादा चिमुकला सिरॅमिक, त्याच्या दर्शनी व्होल्टेजच्या जवळ चालविला, तर अर्ध्याहून अधिक क्षमता गमावून बसू शकतो.

तिसरे कलम वाचताना मला सोवळ्याओवळ्याची आठवण होते: लिनियर सप्लाय पाटावर, एसएमपीएस ओसरीवर, आणि कोण काय करतो याची चौकशी नाही! वास्तविक लिनियर सप्लायचा स्वतःचा नॉइज आहे. ५० हर्ट्झच्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र आसपासच्या तारांत शिरते. ब्रिजमधील डायोड बंद होताना मागे वाहणारा प्रवाह एकाएकी तुटतो आणि ट्रान्सफॉर्मरच्या गळती-प्रेरकत्वाला घंटेसारखा वाजवून सोडतो, ज्याचा बंदोबस्त वाइंडिंगवर रोध व कपॅसिटर यांची योग्य जोडी टाकून करावा लागतो. १२ व्होल्टमधून ५ व्होल्ट काढणारा ७८०५, १ अँपिअरला ७ वॅट उष्णता ओकतो, आणि ती उष्णता शेजारच्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचे आयुष्य खाते, हे वेगळेच. उलट एसएमपीएसच्या नॉइजमध्ये एक मोठी सोय आहे, ती त्याच्या उंच वारंवारतेची. १० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांचा फिल्टर ५ किलोहर्ट्झपासून पुढे गाळू लागतो, आणि १०० किलोहर्ट्झच्या स्विचिंग रिपलचे, घटक आदर्श असल्यास, सुमारे ५२ डेसिबेल दमन करतो. १०० हर्ट्झवर हेच साधायचे तर १ हेन्रीची कॉइल आणि १००० मायक्रोफॅरड हवेत. आणि १ अँपिअर वाहूनही संपृक्त न होणारी १ हेन्रीची कॉइल म्हणजे हमालाकडून उचलून आणावी अशी वस्तू. व्हॉल्व्ह रेडिओच्या काळी अशा वजनदार चोकला पर्याय नव्हता, आणि काही संचांत तर स्पीकरच्या चुंबकाची फील्ड कॉइलच चोक म्हणून वापरीत असत.

तथापि, येथे एसएमपीएसच्या कैवाऱ्यांनाही मोकळे सोडणे बरे नव्हे. वरच्या हिशेबातले ५२ डेसिबेल कागदावरचे आहेत. त्या १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचा अंतर्गत रोध ०.१ ओहम असेल तर प्रत्यक्षात ३६ च मिळतील. आणि दर स्विचिंगच्या क्षणी उठणारे, दहा-दहा मेगाहर्ट्झचे टोकदार काटे तर या फिल्टरला जुमानतही नाहीत. कॉइलच्या वेढ्यांमधील धारितेतून ते सरळ पलीकडे उडी मारतात. पुढे लिनियर रेग्युलेटर लावला तरी त्याचे ८० डेसिबेल कमी वारंवारतेचे असतात. वारंवारता चढत गेली की ते उतरत जातात. या काट्यांचा उगम बक कन्व्हर्टरमध्ये स्विच, डायोड आणि इनपुटचा कपॅसिटर यांच्या त्रिकोणात असतो, कारण तेथे प्रवाह क्षणात चालू आणि क्षणात बंद होतो. तो त्रिकोण नखाएवढा आखला तर कन्व्हर्टर शांत राहतो. तळहाताएवढा आखला तर आउटपुटला हंडाभर मायक्रोफॅरड ओतले तरी केबलमधून तो नॉइज बाहेर पडतोच. असा नॉइज शेजाऱ्याच्या घरात शिरू नये म्हणूनच तर मेन्सच्या तारेवर परत जाणारा नॉइज १५० किलोहर्ट्झपासून ३० मेगाहर्ट्झपर्यंत तपासण्याचा आंतरराष्ट्रीय शिरस्ता पडला. जुन्नर तालुक्यात खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी राहिली, त्यामागे तेथे मानवनिर्मित रेडिओ-नॉइज कमी होता हेही एक कारण होते. अशा जागेजवळ सप्लायचा आउटपुट मीटरवर निर्मळ दिसतो एवढ्यावर कोणाचे समाधान होणार नाही. तेव्हा प्रश्न सप्लायच्या जातीचा नाही. लिनियर असो वा स्विचिंग, तडाख्याचा प्रवाह कोणत्या फेऱ्यात फिरतो आणि तो फेरा किती मोठा आहे, एवढेच विचारावयाचे.

चौथ्या कलमाची गोष्ट अधिक बोधप्रद आहे, कारण त्यात हेतू अगदी योग्य असून कृती नेमकी विपरीत घडते. अ‍ॅनालॉग आणि डिजिटल यांचे प्रवाह एकमेकांत मिसळू नयेत, म्हणून बोर्डावरील ग्राउंडच्या तांब्याला मधोमध चीर पाडतात. परंतु उंच वारंवारतेचा परतीचा प्रवाह तांब्यावर स्वैर पसरत नाही. ज्या वाटेचे प्रेरकत्व सर्वांत कमी ती वाट तो धरतो, आणि अशी वाट सिग्नलच्या ट्रॅकच्या बरोबर खाली असते. त्या चिरेवरून एक जरी सिग्नल पलीकडे गेला तरी त्याचा परतीचा प्रवाह चिरेशी अडतो, वळसा घालून दुसऱ्या टोकाने येतो, आणि जो फेरा मिलिमीटरभर उंचीचा होता तो बोर्डाच्या काठापर्यंत पसरतो. नॉइज कमी करण्यासाठी पाडलेली चीर अशा रीतीने अँटेना होऊन बसते. बेल लॅबोरेटरीजमध्ये काम केलेले हेन्री ऑट, ज्यांचा नॉइज-नियंत्रणावरील ग्रंथ १९७६ साली निघाला, यांनी पुढे स्पष्ट सल्ला दिला तो हाच की ग्राउंड अखंड ठेवावे आणि विभागणी करावी ती घटकांच्या मांडणीत. यावर कोणी विचारील की, वर अँप्लिफायरमध्ये ग्राउंडचे फाटे वेगळे करा म्हणून सांगितले आणि येथे ग्राउंड अखंड ठेवा म्हणता, हा वदतोव्याघात नव्हे काय? नव्हे. १०० हर्ट्झचा प्रवाह कमीत कमी रोधाची वाट शोधीत मिळेल त्या तांब्यातून जातो, म्हणून त्याला आपण हाताने वाट आखून द्यावी लागते. मेगाहर्ट्झचा प्रवाह आपली वाट आपणच आखतो, म्हणून ती अडवू नये एवढेच पुरे. तत्त्व एक असून पथ्ये दोन निघाली. पथ्ये पाठ करणाऱ्याला मात्र ती परस्परविरोधी वाटणारच.

मापनाच्या बाबतीतही हीच उपेक्षा आढळते. सप्लायवर नॉइज किती आहे हे पाहण्यासाठी ऑसिलोस्कोपचा प्रोब लावतात आणि त्याच्या ग्राउंडची काळी मगरचिमटी, हाताला सोयीची पडेल अशा ठिकाणी, वीतभर अंतरावर लावतात. पडद्यावर दोनशे मिलिव्होल्टचे काटे उभे राहतात, आणि त्यांच्या निवारणार्थ कंडेन्सरांची खरेदी सुरू होते. पण तीच मगरचिमटी तशीच ठेवून प्रोबचे टोक तिने धरलेल्या त्याच ग्राउंडच्या बिंदूला टेकवून पाहावे. तेथे व्होल्टेज शून्य असले पाहिजे. तरीही काटे कायम राहिले, तर ते सप्लायचे नसून प्रोबच्या ग्राउंड-तारेने केलेल्या फेऱ्यात चुंबकीय मार्गाने शिरलेले आहेत. चिमटी काढून प्रोबच्या नाकाशी आखूड स्प्रिंग लावली की खरा आकडा दिसू लागतो.

आता काही आक्षेपांना उत्तर देणे प्राप्त आहे. पहिला आक्षेप व्यवहाराचा: कंडेन्सर स्वस्त आहे, विचार महाग आहे. हा आक्षेप हिशेबात टिकत नाही. मोठा कंडेन्सर चालू होताना फ्यूज, स्विच आणि ब्रिज यांच्यावर मोठा प्रथम-प्रवाह लादतो, म्हणून तेही वजनदार घ्यावे लागतात. तडाख्यांमुळे ट्रान्सफॉर्मर अधिक तापतो, म्हणून तोही मोठा घ्यावा लागतो. आणि इलेक्ट्रोलिटिकचे तापमान दर १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य सुमारे निम्मे होते, म्हणून सर्व्हिसिंगचा खर्च मागाहून येतोच. तारेचे टोक पाच सेंटिमीटर हलविण्यास मात्र काहीच पडत नाही. दुसरा आक्षेप अध्यापनाचा: नवशिक्यास ठोकताळे द्यावेत, तत्त्वे नंतर. पण प्रवाह परत येतो आणि एका वाटेने परत येतो, यापेक्षा सोपे असे त्या चार कलमांत काय आहे? ते समजण्यास कलनशास्त्र लागत नाही. बोर्डावर बोट फिरविता आले की पुरे. तिसरा आक्षेप अनुभवाचा: ‘आमच्याकडे कंडेन्सर वाढविला आणि आवाज गेला.’ गेला असेल. ज्या सर्किटात कपॅसिटर खरोखर अपुरा होता, रिपलचा तळ रेग्युलेटरला लागणाऱ्या व्होल्टेजच्या खाली जात होता, किंवा जुना कंडेन्सर सुकला होता, तेथे तो जाणारच. त्या दाखल्यांवरून इतकेच निष्पन्न होते की त्या विशिष्ट सर्किटांचे दुखणे ते होते. सर्व सर्किटांचे तेच आहे, असे नव्हे.

या मताला सर्वांत भक्कम आधार दिला तो मात्र दुकानांनी नव्हे, आमच्या प्रयोगशाळांनी. रेक्टिफायरच्या प्रयोगात विद्यार्थी रिपल फॅक्टर काढतो. फुलवेव्ह रेक्टिफायरसाठी तो, चार गुणिले तीनचे वर्गमूळ गुणिले वारंवारता, धारिता आणि लोडचा रोध, या गुणाकाराने १ ला भागून येतो. सूत्र निर्दोष आहे. परंतु त्यात धारितेला जागा आहे, लोडला जागा आहे, वारंवारतेला जागा आहे, आणि तारेला कोठेच जागा नाही; त्यामुळे सूत्रावरून शिकलेल्या विद्यार्थ्याला नॉइज घटविण्यासाठी धारिता वाढविण्यावाचून दुसरी किल्ली दिसतच नाही. म्हणून माझी मागणी एवढीच आहे: त्या प्रयोगात कपॅसिटरची किंमत निवडण्यापूर्वी विद्यार्थ्याने भरतीच्या प्रवाहाचा संपूर्ण फेरा जोडणीच्या आकृतीवर तांबड्या पेन्सिलीने काढावा, लोडचा फेरा निळ्या पेन्सिलीने काढावा, आणि कोणत्या तारेवर दोन्ही रंग एकत्र आले ते प्रयोगवहीत लिहावे, त्या तारेचा रोध मोजून तिच्यावर किती मिलिव्होल्ट पडतील हे सांगता आल्याशिवाय शिक्षकाने वहीवर सही करू नये. मोठ्या कंडेन्सरच्या पक्षाने या मागणीला विरोध करण्याचे कारण नाही. दोन्ही फेरे वेगळे काढून झाल्यावरही रिपल अधिक उरला, तर कंडेन्सर मोठा घाला असे मीही म्हणेन. आणि तेव्हा तो किती मोठा, हे अंदाजाने नव्हे तर आकड्यात सांगता येईल.